डेस्कटॉपला वायफाय मिळत नाही? नवं कार्ड घेण्याआधी एवढं तपासा

कर्जत/खालापूर : मोबाईलवर नेट व्यवस्थित सुरू, पण घरातल्या कॉम्प्युटरवर वायफायचं चिन्हच दिसत नाही. अर्जाची शेवटची तारीख जवळ आलेली, दाखले स्कॅन करून त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले. अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने 'कार्ड गेलं' असं ठरवून बाजार गाठतात. प्रत्यक्षात वायफाय कार्ड जळण्याचे प्रकार तसे कमीच. ड्रायव्हर, अँटेना, धूळ किंवा राऊटरची सेटिंग यांतलंच काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते घरच्या घरी शोधता येतं.

आज अर्ज भरायचाच असेल तर

दुरुस्ती नंतर करता येईल. आधी मोबाईल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडावा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असं बटण असतं, ते चालू करावं. अँड्रॉइड फोन असेल तर विंडोज १० आणि ११ वर थोड्याच वेळात नेट सुरू होतं, वायफाय कार्डाची गरजच पडत नाही. बटण फिकट दिसत असेल किंवा दाबलं जात नसेल तर केबल बदलून बघावी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यातून डेटा जात नाही.

पुढे ड्रायव्हर डाऊनलोड करायची वेळ आली तरी हीच युक्ती उपयोगी पडते.

बिघाड नक्की कुठे आहे?

लॅपटॉप आणि मोबाईलमध्ये वायफाय आतच बसवलेलं असतं. डेस्कटॉपमध्ये ते बरेचदा नसतं. म्हणून आत मदरबोर्डवर वेगळं कार्ड लावतात किंवा यूएसबीला छोटा डोंगल खोचतात. कंपनीकडून आलेलं नेट राऊटरपर्यंत, राऊटरकडून कार्डापर्यंत आणि तिथून विंडोजपर्यंत जातं. ही साखळी कुठे तुटली हे आधी बघायचं.

त्यासाठी मोबाईल त्याच वायफायला जोडावा, पण मोबाईल डेटा बंद करून. हे बरेच जण विसरतात. डेटा चालू राहिला तर फोन गुपचूप सिमचं नेट वापरतो आणि राऊटर ठीक असल्याचा भास होतो. डेटा बंद केल्यावर मोबाईलवरही पान उघडलं नाही तर दोष कॉम्प्युटरचा नाही. राऊटर बंद करून मिनिटभराने चालू करावा, तरी नाही झालं तर नेटवाल्याला फोन.

मोबाईल चालतो आणि कॉम्प्युटर चालत नाही, असं दिसलं तरच पुढे वाचावं.

वायफायचं चिन्हच गायब

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरून एक्स दाबावा आणि यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' या ओळीखाली वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ असं लिहिलेलं नाव शोधावं.

नावावर खाली जाणारा छोटा बाण असेल तर कार्ड फक्त बंद केलेलं आहे. राईट क्लिक करून 'इनेबल' केलं की काम झालं. पिवळा त्रिकोण असेल, किंवा 'अदर डिव्हाइसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असं मोघम नाव असेल, तर कार्ड सापडलंय पण ड्रायव्हर नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे हमखास होतं. टेदरिंगने नेट जोडून विंडोज अपडेट चालवावं, बहुतेक वेळा ड्रायव्हर आपोआप येतो. नाही आला तर कार्डावर छापलेला मॉडेल नंबर बघून त्या कंपनीच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साईटवरूनच घ्यावा. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. ड्रायव्हर त्यांच्या आतच असतो, ती ड्राइव्ह उघडून सेटअप चालवायचा.

कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल तर अडचण वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला, आणि नवीन डोंगलना त्याचे ड्रायव्हर मिळतीलच असं नाही. विंडोज १० चाही सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून त्यावरचं वायफाय बंद पडत नाही, पण डोंगल घेताना खोक्यावर आपल्या विंडोजचं नाव आहे का ते वाचून घ्यावं.

इथे एक धोका आहे. 'ड्रायव्हर डाऊनलोड' किंवा 'कस्टमर केअर' असं गुगलवर टाकलं की काही खोट्या साईट आणि फोन नंबरही समोर येतात. पलीकडचा माणूस कॉम्प्युटर किंवा मोबाईलचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगतो आणि मग ओटीपी मागतो. वायफाय दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

यादीत कार्डाचं नावच नसेल तर

मग कॅबिनेट उघडायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तशी कॅबिनेटमध्येही दमट हवा जाते. जूनपासून चार महिने कॉम्प्युटर झाकून ठेवला आणि दिवाळीत चालू केला, तर कार्डाच्या सोनेरी पट्टीवर काळसर थर दिसू शकतो. मुंग्या आणि पालींनाही ही उबदार जागा आवडते.

आधी शटडाऊन, मग प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. त्यानंतर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. मग कार्डाचा स्क्रू काढून कार्ड सरळ वर ओढायचं. सोनेरी पट्टी शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून मऊ ब्रशने साफ करायची. पॉलिश पेपर किंवा ओलं फडकं अजिबात नको. स्लॉटमधली धूळ झटकून कार्ड नीट शेवटपर्यंत बसवायचं. डोंगल असेल तर तो पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावून बघायचा.

एवढं करूनही नाव आलं नाही, आणि तेच कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही दिसलं नाही, तर मात्र कार्ड खरंच गेलं. वीज कडाडताना प्लग आणि राऊटरची वायर लावलेलीच राहिली असेल तर तेही एक कारण असू शकतं. खोपोलीत १९१५ साली आणि भिवपुरीत १९२२ साली टाटांची वीजघरं सुरू झाली, म्हणजे देशात वीज लवकर तयार करणारे हे दोन तालुके. तरी गडगडाट सुरू झाला की प्लग काढायला धावायचं इथल्या घरांना सुटलेलं नाही.

कार्ड आहे, पण आपलं नेटवर्क यादीत नाही

पहिलं काम म्हणजे मागे अँटेना आहेत का ते बघणे. सेकंडहँड कॉम्प्युटर आणताना त्या बऱ्याचदा राहून जातात. कार्डाच्या मागे एक-दोन पितळी आटे दिसतील, त्यावर अँटेना हाताने फिरवून बसवायच्या, पक्कड लावायची नाही. अँटेनाशिवाय राऊटर शेजारी ठेवला तरच जेमतेम रेंज येते.

दुसरं कारण बँडचं. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतं. जुन्या आणि स्वस्त कार्डांना फक्त २.४ समजतं. मोबाईलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर अशा कॉम्प्युटरला तो दिसतच नाही, शेजारच्या नव्या फोनला मात्र दिसतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करावा. नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही, असं असेल तर तिथेच सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए३' ऐवजी 'डब्ल्यूपीए२' करून बघावी.

जोडलं जातं, पण साईट उघडत नाही

खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी. लाईट गेली की घड्याळ मागे जाऊन जुनंच साल दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा बटणसेल संपला आहे. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाहीत, आणि दोष वायफायला लागतो. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कर्जत स्टेशनवर दोघांनी वडे खाल्ले तर होतो, तेवढाच खर्च.

तारीख ठीक असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क विभागात 'नेटवर्क रिसेट' करावं. त्याने सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

मधेच तुटतं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट'मधली पहिली खूण काढावी, म्हणजे विंडोज वीज वाचवायला कार्ड बंद करणार नाही. डोंगल निळ्या यूएसबी पोर्टात असेल आणि बाजूला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असेल, तर त्या पोर्टचा विद्युत गोंगाट २.४ च्या बँडला त्रास देतो. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणावा. मधे पत्र्याची भिंत किंवा लोखंडी कपाट असेल तर राऊटरची जागा बदलणं सगळ्यात स्वस्त.

नवीन घ्यायचंच ठरलं, तर दोन्ही बँड चालणारा डोंगल घ्यावा आणि जमल्यास कॅबिनेट दुकानातच न्यावं. तिथे स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून एक सरकारी साईट उघडून बघावी, मग पैसे द्यावेत. पक्कं बिल मागायचं, वॉरंटीसाठी तेच लागतं.