मेंबर आणि मार्कर

स्क्वॉश म्हटलं की आमच्या पिढीला अजूनही बाटलीतलं संत्र्याचं सरबत आठवतं. त्याच नावाचा एक खेळ असतो, चार भिंतींच्या आत दोन माणसं एका लहानशा रबरी चेंडूमागे धावत असतात, हे मला लहानपणीच ठाऊक होतं. कारण एकच. माझे मामू मुंबईतल्या एका क्लबात स्क्वॉशचे मार्कर होते.

मार्कर हा शब्द आता जुना झाला. बिलियर्डला मार्कर असे, टेनिसला असे, तसा स्क्वॉशलाही असे. गुण पुकारायचे, रॅकेटला तार भरायची, कोर्ट झाडून ठेवायचं आणि एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, ही त्याची कामं. मामू रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातून मुंबईला आले. आमच्या गावचे निम्मे पुरुष बोटीवर खलाशी आणि उरलेले मुंबईत कुठेतरी नोकरीला, असा तो काळ होता.

मामू आठवायचं निमित्त घडलं ते इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावी. माझी भाची तिथं राहते. आमच्या कोकणी मुसलमानांची बरीच घरं तिथं आहेत. तिथल्या कापडगिरण्यांत कामाला माणसं हवी होती, त्या साठ-सत्तरच्या दशकांत ती मंडळी गेली. गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली. भाचीची चौदा वर्षांची मुलगी स्क्वॉश खेळते. एका रविवारी ती मला म्हणाली, "नाना, आज आमच्या क्लबाचा सोशल आहे. तुम्ही पण चला."

क्लब म्हणजे मला वाटलं होती तशी झुंबरं आणि लाल गालिचे नव्हते. विटांची बैठी इमारत, चार कोर्टं, वर लाकडी सज्जा आणि एका कोपऱ्यात चहाची किटली. फळ्यावर सूचना होती : मैत्रीपूर्ण दिवस, सर्व कुवतीच्या सभासदांचं स्वागत. नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली. दर बारा मिनिटांनी घंटा वाजायची. ज्याचा जो गुण झाला तो फळ्यावर मांडायचा आणि पुढच्या कोर्टावर जायचं. जो चांगला खेळतो त्याची सुरुवात शून्यापासून नाही, उणे दहापासून. चेंडूसुद्धा वेगळा. स्क्वॉशच्या चेंडूवर ठिपके असतात. दोन पिवळे ठिपके असलेला चेंडू पट्टीच्या खेळाडूंचा, तो फार कमी उसळतो. निळ्या ठिपक्याचा जास्त उसळतो, तो नवशिक्यांचा. त्या दिवशी मधला, एका पिवळ्या ठिपक्याचा चेंडू काढला होता. सत्तरीचे निवृत्त शिक्षक, रुग्णालयातली परिचारिका, दोन पंजाबी भाऊ, पोट सुटलेला एक बँकवाला, आणि आमची नात. सगळे एका फळ्यावर.

सज्ज्यात बसून मी ते बघत होतो आणि मनात हिशेब चालला होता, की या खेळाला इथवर यायला किती वर्षं लागली.

याचा जन्मच मुळी तुरुंगाच्या भिंतीशी जोडलेला आहे. अठराव्या शतकात लंडनला कर्जबुडव्यांसाठी वेगळे तुरुंग होते. फ्लीट हा त्यातला नामांकित. पैसे फिटेपर्यंत माणूस आत. त्यात चोर-दरोडेखोर फारसे नसत. असत ते दिवाळं निघालेले व्यापारी, उधळे सरदारपुत्र, कारागीर. वेळ जाता जात नाही आणि समोर उंच भिंत. ती मंडळी कडक चेंडू रॅकेटनं भिंतीवर मारू लागली. त्या खेळाला रॅकेट्स म्हणत. डिकन्सनं आपल्या पिकविक साहेबाला फ्लीटमध्ये नेलं तेव्हा तिथलं हे खेळाचं पटांगणही दाखवलं. या खेळाचा पहिला विजेता म्हणून ज्याचं नाव 1820 सालाशी जोडलं जातं तो रॉबर्ट मॅकी याच तुरुंगातला कैदी. कर्जात बुडालेला सरदार आणि कर्जात बुडालेला शिंपी एका भिंतीपुढे बरोबरीनं उभे राहत असतील. फ्लीट 1842 साली बंद झाला आणि पुढे पाडला गेला.

तुरुंगातला खेळ दारूच्या गुत्त्यांच्या अंगणात गेला आणि तिथून, काय चमत्कार पाहा, थेट हॅरो शाळेत. हॅरो म्हणजे उमरावांच्या मुलांची शाळा. आपले पंडित नेहरूही पुढे तिथंच शिकले. रॅकेट्सचं कोर्ट मोठं आणि एकच. थोरली मुलं ते अडवून बसायची. धाकटी मुलं आपली पाळी येईपर्यंत आडोशाच्या भिंतींवर मऊ रबरी चेंडू मारत बसायची. तो चेंडू भिंतीवर आपटला की दबायचा, चेपायचा. इंग्रजीत त्या चेपण्याला स्क्वॉश म्हणतात. 1864 साली हॅरोत या धाकट्या खेळासाठी वेगळी कोर्टं बांधली गेली. म्हणजे मुळात हा खेळ निघाला तोच ज्यांना मोठ्या कोर्टावर जागा नव्हती त्यांच्यासाठी.

पण शाळा संपली की ती मुलं क्लबात गेली, फौजेत गेली, आणि खेळाला दार बसलं. दाराच्या आत मेंबर. आत नोकर म्हणूनच येऊ शकणारा एक माणूस मात्र मेंबराहून चांगला खेळायचा, तो म्हणजे पगारी शिकवणारा. इंग्रजांनी क्रिकेटमध्येही हेच केलं होतं. 'जंटलमन विरुद्ध प्लेयर्स' हा सामना 1962 पर्यंत चालू होता. खेळून पोट भरणारा तो प्लेयर. ज्याचं पोट आधीच भरलेलं आहे तो जंटलमन.

'टायटॅनिक' बोटीवर स्क्वॉशचं कोर्ट होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी, बोटीच्या अगदी खालच्या अंगाला. अर्ध्या तासाला दोन शिलिंग. शिकवायला फ्रेडरिक राइट नावाचा तरुण नेमलेला. बोट हिमनगावर आदळली त्या रात्री कर्नल ग्रेसी हे प्रवासी त्याला जिन्यात भेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खेळायची वेळ ठरली होती. उद्याचं रद्द करायला हवं, असं कर्नल थट्टेनं म्हणाले आणि राइटनं शांतपणे होकार दिला. खालच्या कोर्टात तेव्हा पाणी चढत होतं आणि त्याला बहुधा ते माहीत होतं. कर्नल वाचले, त्यांनीच हे पुस्तकात लिहिलं. राइट वाचला नाही.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रज फौजेच्या छावण्या आणि जिमखाने जिथं जिथं गेले तिथं हा खेळ गेला. पेशावरला अधिकाऱ्यांचा क्लब होता, त्याची कोर्टं उघडी, वर छप्पर नाही. जवळच्या नवाकिल्ले गावचे अब्दुल्ला खान तिथं मुख्य कारभारी होते. मुलाला, हाशिमला, ते तिथं घेऊन जात. हाशिम अकरा वर्षांचा असताना वडील अपघातात गेले. शाळा सुटली. पोरगा कोर्टं झाडू लागला, भिंतींवरून बाहेर गेलेले चेंडू आणून देऊ लागला. साहेब लोक उन्हाला कंटाळून घरी गेले की ही पोरं कोर्टात उतरायची. अनवाणी, साहेबांनी टाकून दिलेल्या मोडक्या रॅकेटी घेऊन. पुढे 1942 साली तो हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना शिकवायला लागला.

1944 साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा झाली. हाशिम खान पेशावरहून आला आणि जिंकला. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला. त्याचा एक नातेवाईक अब्दुल बारी, तोही जबरदस्त खेळाडू. हाशिम त्याला हरवत असे. मामू सांगायचे की हे सामने त्यांनी पाहिले आहेत. तेव्हा ते बारा वर्षांचे असणार, चेंडू वेचायला नुकतेच लागलेले. खरं-खोटं अल्लाला ठाऊक. पण सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "बॉल भिंतीला लागायच्या आधी तो पोचलेला असायचा रे."

मग फाळणी झाली. हाशिम पाकिस्तानात, बारी मुंबईतच राहिला. 1950 साली बारी भारतातून ब्रिटिश ओपन खेळायला गेला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचून इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. तिकडे पेशावरात हाशिमनं ऐकलं. बारी अंतिम फेरीत जातो तर आपण का नाही, असं त्याच्या मनात आलं असेल तर नवल नाही. पाकिस्तानी हवाई दलानं खर्च उचलला. 1951 साली, वयाची पस्तिशी गाठलेला हा माणूस लंडनला गेला आणि त्याच करीमला 9-5, 9-0, 9-0 असं हरवून आला. पुढे एकूण सात वेळा तो ही स्पर्धा जिंकला. भाऊ आझम, नात्यातला रोशन, मग रोशनचा मुलगा जहांगीर. क्लबाच्या मागच्या दारानं आत आलेल्या कुळानं जगातला हा खेळ काही दशकं आपल्या घरात ठेवला. हाशिम खान पुढे अमेरिकेत स्थायिक झाले, डेन्व्हरच्या क्लबात मेंबरांना शिकवत राहिले, आणि 2014 साली तिथंच कोलोरॅडोत वारले.

मामू हाशिम खान झाले नाहीत. ते चाळीस वर्षं मार्कर राहिले. थंडीच्या दिवसांत स्क्वॉशचा चेंडू उसळत नाही, तो तापवावा लागतो. मेंबर यायच्या आधी मामू तो काखेत धरून बसत. कोर्ट मोकळं असलं तरी मेंबरांच्या वेळेत त्यांनी आपसात खेळायचं नाही, असा दंडक होता. येणं-जाणं मागच्या दारानं. क्लबाचं नाव घेत नाही. तेव्हा बहुतेक क्लब असेच होते.

मात्र त्यांचं खरं कसब वेगळंच होतं. एखादा थुलथुलीत साहेब खेळायला यायचा. मामू त्याला डोळे मिटून हरवू शकले असते. पण साहेब पुन्हा यायला हवा, बक्षिसी द्यायला हवी. म्हणून चेंडू असा टाकायचा की तो साहेबाच्या रॅकेटवर आपोआप यावा. साहेबाला दमवायचं नाही, पण दमल्यासारखं वाटू द्यायचं. मधे एक-दोन गुण झगडून घ्यायचे आणि शेवटी 9-7 नं हरायचं. 9-2 नं हरलं तर साहेबाला संशय येतो. "हरायलाही हुनर लागतो, बाबा," मामू म्हणायचे. तू मला मुद्दाम जिंकू देतोस का, असं त्यांना कुठल्या साहेबानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मामू खोटंच बोलले असते.

मामू 1998 साली गेले. पगारी आणि हौशी हा भेद स्क्वॉशनं 1980च्या सुमारास मोडीत काढला होता, पण त्याची बातमी मागच्या दारापर्यंत पोचली असेल असं मला वाटत नाही. 2023च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली आणि 2028च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशला जागा मिळाली. आपल्या वर्तमानपत्रांनी मोठा मथळा दिला तो क्रिकेटच्या निवडीला. स्क्वॉश चौथ्या-पाचव्या ओळीत होतं. मी ती ओळ कापून ठेवली आहे.

तर, ब्लॅकबर्नच्या त्या रविवारी शेवटच्या घंटेला आमच्या नातीची चिठ्ठी निघाली क्लबातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबरोबर. हा गृहस्थ चाळिशीचा, धंद्यानं प्लंबर. तो उणे दहावर, ती शून्यावर. मी कठड्यावर वाकून बघत होतो आणि दोन मिनिटांत मला कळलं. चेंडू तिच्या रॅकेटवर येत होता. ती मागच्या कोपऱ्यात अडकली की तो पुढच्या भिंतीवर असा हलका फटका मारायचा, की तिला धावत यायला वेळ मिळावा. दोन वेळा त्यानं झगडून गुण घेतला. सगळं मामूंचंच. फक्त याला कुणी बक्षिसी देणार नव्हतं, आणि खेळ संपल्यावर दोघंही एकाच किटलीतला चहा पिणार होते. तरीही मला अस्वस्थ वाटत होतं, ते का, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

घंटा वाजली तेव्हा ती एका गुणानं पुढे होती.

परतताना गाडीत बराच वेळ ती गप्प होती. आई पुढे गाडी चालवत होती. मग हळूच मला म्हणाली, "नाना, त्यानं मला जिंकू दिलं ना?"

मी म्हटलं, "त्यालाच विचारायचं होतंस."

"विचारलं," ती म्हणाली. "म्हणाला, आधीचे माझ्याकडून, शेवटचे तीन तुझे. पुढच्या महिन्यात तो उणे आठवर खेळणार आहे."