दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर
पिट्सबर्ग स्टीलर्सच्या चाहत्यांमध्ये दरवर्षी रंगणाऱ्या एका वादाची पार्श्वभूमी

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. मात्र त्याविषयीच्या वादांचा हंगाम एप्रिलमधील नवोदितांच्या निवडीपासूनच रंगू लागतो. पोलादाच्या कारखान्यांमुळे नावारूपाला आलेल्या पिट्सबर्ग शहरात या वादांत एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. तो म्हणजे, मुख्य लाइनबॅकर जायबंदी झाला, तर त्याच्या जागी उभा राहील असा कोणी आपल्याकडे आहे का? जॅक लॅम्बर्ट आणि जॅक हॅम यांच्यासारख्या लाइनबॅकरांच्या बळावर सत्तरच्या दशकात चार वेळा ‘सुपर बाऊल’ जिंकलेल्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या चाहत्यांना हा प्रश्न घरच्यासारखा वाटतो. गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने तो अधिकच धारदार केला आहे.

लाइनबॅकर म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. बचाव करणाऱ्या संघात सर्वांत पुढे धिप्पाड लाइनमन असतात, तर सर्वांत मागे चपळ कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. या दोन फळ्यांच्या मधला पट्टा लाइनबॅकरांचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडणे, क्वार्टरबॅकवर चाल करून जाणे आणि मधल्या पट्ट्यात येणारी फेक अडवणे, अशी तिहेरी जबाबदारी त्यांच्यावर असते. पुढच्या फळीची ताकद आणि मागच्या फळीचा वेग हे दोन्ही गुण एकाच शरीरात असावे लागतात. अशी माणसे मुळातच थोडी.

स्टीलर्स संघ अनेक वर्षे तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकर या मूळ रचनेवर खेळत आला आहे. चारपैकी दोघे कडेला, तर दोघे मध्यभागी. मध्यभागी असणाऱ्या दोघांपैकी एकाकडे बहुधा आणखी एक काम असते. २००८ पासून बचाव करणाऱ्या संघातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसविण्यास परवानगी आहे. अशा हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. प्रशिक्षकाचा आदेश ऐकून तो उरलेल्या दहा जणांपर्यंत पोहोचविणे, ही या खेळाडूची जबाबदारी. तो जायबंदी झाला की संघ एक खेळाडू तर गमावतोच, शिवाय मैदानावरील संदेशवहनाची घडीही विस्कटते.

राखीव जागांचे गणित

क्रिकेटमधील बारावा खेळाडू प्रामुख्याने क्षेत्ररक्षणापुरता मैदानात येतो. येथे राखीव खेळाडूचे स्थान निराळे आहे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये हंगामापूर्वीच्या सरावात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात. ऑगस्टअखेरीस ही संख्या ५३ वर आणावी लागते. त्यांपैकी प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी २०१९ पर्यंत ४६ खेळाडू उतरविता येत असत. २०२० पासून ही मर्यादा ४७ किंवा ४८ झाली. सराव संघात ठेवलेले खेळाडू वेगळे. २०२१ पासून साखळी सामन्यांची संख्या १६ वरून १७ झाली, म्हणजे अंगावर येणाऱ्या आघातांतही भर पडली.

५३ जणांत लाइनबॅकरांच्या वाट्याला साधारण आठ ते दहा जागा येतात. त्यांपैकी निम्मे राखीव. चेंडू लाथाडून दूर धाडला जातो तेव्हा मैदानात उतरणाऱ्या विशेष तुकड्यांत या राखीव खेळाडूंना धावावे लागते. वादाची पहिली ठिणगी येथेच पडते. विशेष तुकडीत उत्कृष्ट असणारा खेळाडू मुख्य बचावफळीत ६० चेंडूंपर्यंत टिकेलच, असे नाही. आणि बचावफळीत टिकणारा अनुभवी खेळाडू विशेष तुकडीत धावायला तयार असतो किंवा सक्षम असतो, असेही नाही.

दुसरी मर्यादा पैशाची. सर्व संघांना वेतनावरील कमाल खर्चाची एकच मर्यादा पाळावी लागते. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. बाकावर बसणाऱ्या लाइनबॅकरला दिलेला प्रत्येक डॉलर अन्य कुणाच्या तरी वाट्यातून येतो.

दोन पक्ष

चाहत्यांतील एक पक्ष म्हणतो, की राखीव लाइनबॅकरसाठी नवोदितांच्या निवडीतील वरच्या फेरीची संधी खर्च करावी किंवा अनुभवी खेळाडू करारबद्ध करावा. दुखापत हा या खेळात अपवाद नसून नियम आहे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. दुसऱ्या पक्षाच्या मते, वरच्या फेरीतील निवड मुख्य अकरांसाठीच राखून ठेवावी. सातही फेऱ्यांत कुणी न निवडलेल्या तरुणांमधून राखीव फळी घडवावी.

या दुसऱ्या पक्षाचे आवडते उदाहरण म्हणजे जेम्स हॅरिसन. २००२ साली त्याला कोणत्याही संघाने निवडले नव्हते. स्टीलर्सनेही त्याला घेतले, सोडले, पुन्हा घेतले. १४ नोव्हेंबर २००४ रोजी क्लीव्हलँड येथील सामना सुरू होण्यापूर्वीच झालेल्या हाणामारीमुळे मुख्य लाइनबॅकर जोई पोर्टरला बाहेर काढण्यात आले आणि हॅरिसनला संधी मिळाली. २००७ साली तो मुख्य फळीत आला, २००८ च्या हंगामात वर्षातील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला आणि १ फेब्रुवारी २००९ रोजी ॲरिझोना कार्डिनल्सविरुद्धच्या सुपर बाऊलमध्ये प्रतिस्पर्ध्याची फेक पकडून तो १०० यार्ड धावला. स्टीलर्सने तो सामना २७-२३ असा जिंकला. विरोधी पक्षाचे उत्तर असे, की असा हॅरिसन पिढीतून एखादा घडतो. त्याच्या भरवशावर संघबांधणी करता येत नाही.

४ डिसेंबर २०१७

या वादाला गांभीर्य आले ते सिनसिनाटी येथील एका सोमवारच्या रात्री. स्टीलर्सचा मध्यवर्ती लाइनबॅकर रायन शेझियर प्रतिस्पर्ध्याला पाडण्यासाठी झेपावला आणि मैदानावरच कोसळला. पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे त्याला पाय हलविता येईनात. दोन दिवसांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो कधीही व्यावसायिक सामना खेळला नाही.

संघाकडे त्याच्या वेगाचा पर्याय नव्हता. राखीव असलेला टायलर मॅटाकेविच प्रामुख्याने विशेष तुकड्यांचा खेळाडू. त्यामुळे संघाबाहेर असलेल्या शॉन स्पेन्सला तातडीने बोलावण्यात आले. हा तोच स्पेन्स, ज्याची २०१२ आणि २०१३ ही दोन वर्षे गुडघ्याच्या भीषण दुखापतीत गेली होती. साखळीत १३ सामने जिंकलेल्या स्टीलर्सला १४ जानेवारी २०१८ रोजी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने घरच्या मैदानावर ४५-४२ असे हरविले. बचावफळीचा मधला पट्टा उघडा पडला, अशी चाहत्यांची तक्रार होती. त्या सामन्यातील ४५ गुणांना एकच कारण नव्हते. तरीही ती तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

शेझियर २६ एप्रिल २०१८ रोजी चालत व्यासपीठावर आला आणि त्याने संघाच्या पहिल्या फेरीतील निवडीचे नाव जाहीर केले. तो क्षण चाहत्यांना आजही आठवतो. मात्र त्याने जाहीर केलेला टेरेल एडमंड्स हा लाइनबॅकर नव्हता, सेफ्टी होता. वाद तेथूनच पुन्हा पेटला.

२०२० आणि २०२३ चे धडे

२०१९ साली संघाने मोठी किंमत मोजून निवडीच्या क्रमात २० व्या स्थानावरून १० व्या स्थानावर झेप घेतली आणि डेव्हिन बुशला घेतले. पण पुढच्याच वर्षी मार्क बॅरनला मुक्त करण्यात आले व मॅटाकेविच बफेलोला गेला. म्हणजे बुशच्या मागची रांग विरळ झाली. १८ ऑक्टोबर २०२० रोजी बुशच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला.

त्याच्या जागी आला रॉबर्ट स्पिलेन. हाही निवडीत डावलला गेलेला. पुढच्याच सामन्यात त्याने टेनेसी टायटन्सच्या डेरिक हेन्रीला गोलरेषेजवळ समोरासमोर धडक देऊन रोखले. याच टायटन्स संघाने २०१८ साली स्पिलेनला आधी घेऊन नंतर सोडले होते. त्यानंतरच्या आठवड्यात बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनची फेक पकडून त्याने थेट टचडाऊन केला. स्वस्तातली राखीव फळी पुरेशी असते, असे म्हणणाऱ्यांना हे बळ देणारे होते. परंतु डिसेंबरमध्ये स्पिलेनही जायबंदी झाला आणि न्यूयॉर्क जेट्सकडून हंगामाच्या मध्यात घेतलेल्या एव्हरी विल्यमसनवर भार आला. ११ सामने सलग जिंकलेला संघ अखेर पहिल्याच बाद फेरीत हरला.

२०२३ साली आणखी विपरीत घडले. २ नोव्हेंबरला कोल होल्कम आणि १२ नोव्हेंबरला क्वॉन अलेक्झांडर, असे दोन मध्यवर्ती लाइनबॅकर दहा दिवसांत हंगामाबाहेर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवृत्ती पत्करलेल्या माइल्स जॅकला परत बोलाविण्याची वेळ आली. २०२४ मध्ये मात्र संघाने दोन्ही मार्ग एकाच वेळी अवलंबिले: पॅट्रिक क्वीनला तीन वर्षांसाठी ४ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला आणि तिसऱ्या फेरीत पेटन विल्सनची निवड केली.

जोखायचे कसे?

राखीव फळीविषयी मत बनविताना नावांच्या संख्येपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. राखीव खेळाडू मध्यभागी खेळणारा आहे की कडेला, कारण दोन्ही कामे वेगळी. हिरव्या ठिपक्याचे हेल्मेट त्याने पूर्वी सांभाळले आहे का. विशेष तुकड्यांत तो उपयोगी आहे का. आणि फेक अडविताना त्याचा वेग पुरेसा पडतो का; कारण आजच्या फेकप्रधान खेळात प्रतिस्पर्धी नेमका संथ लाइनबॅकर हेरून त्याच्यावरच मारा करतात.

या हिशेबात एक गोष्ट सहसा सुटते. शेवटच्या काही जागांवरील खेळाडूंचे करार बहुधा पूर्णपणे हमीचे नसतात. ऑगस्टअखेरीस त्यांना घरी पाठविले जाते, नोव्हेंबरात दूरध्वनी येतो आणि काही दिवसांत त्यांनी मुख्य खेळाडूइतकेच धोके पत्करावेत, अशी अपेक्षा असते. शेझियरच्या जागी ज्याला बोलाविले, त्या स्पेन्सने स्वतः दोन हंगाम अंथरुण आणि व्यायामशाळा यांत घालविले होते. ‘जागा भरली का?’ हा चाहत्यांचा प्रश्न रास्तच आहे; पण ती भरणाऱ्याने कोणत्या अटींवर भरली, हेही त्याच चर्चेत यायला हवे.