भेगांचं गणित

कॉम्प्युटरवर लाकूड, दगड किंवा माती काढायला बसलं की पहिली अडचण येते ती सफाईची. यंत्राला सरळ रेघ आणि सपाट रंग सहज जमतो. खडबडीतपणा मात्र शिकवावा लागतो. तो त्याला कसा शिकवला गेला, हा इतिहास मला यवतमाळात पोस्टरं करताना फार उपयोगी पडला.

१९८२ मध्ये 'ट्रॉन' हा सिनेमा आला. त्यातली कॉम्प्युटरची दृश्यं करणाऱ्यांमध्ये केन पर्लिन होते. सगळं फार यांत्रिक दिसतंय, ही त्यांची खंत होती. पडद्यावर नुसते वाटेल तसे ठिपके टाकले, तर जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या दिसतात. निसर्गात तसं नसतं. शेजारच्या दोन जागांचं एकमेकींशी नातं असतं. पर्लिन यांनी हळूहळू चढणारा-उतरणारा अनियमितपणा गणितात बसवला आणि १९८५ मध्ये तो निबंधातून मांडला. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज याला 'पर्लिन नॉइज' म्हणतात. फोटोशॉपमधला 'क्लाउड्स' फिल्टर याच जातीचा.

लाकूड करायचं तर एकात एक वर्तुळं काढा, ती या नॉइजने थोडी हलवा आणि उभा छेद घ्या. पण आपल्याकडचा साग हवा असेल, तर एवढ्यावर भागत नाही. टिपेश्वरच्या जंगलातल्या सागाची वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, कारण हंगामाच्या सुरुवातीला वाढलेल्या लाकडाची छिद्रं मोठी असतात. म्हणून प्रत्येक वलयाच्या एकाच कडेला बारीक टिंबांची रांग द्यावी लागते. ती नसेल तर पडद्यावर सनमायका दिसतो, साग नाही.

भेगांना मात्र पर्लिन पुरत नाही. १९९६ मध्ये स्टीव्हन वर्ली यांनी दुसरी वाट दाखवली. कागदावर वाटेल तसे बिंदू टाका. जिथून जवळचे दोन बिंदू सारख्याच अंतरावर असतील, तिथे रेघ ओढा. कागदाचे आपोआप बहुकोनी तुकडे पडतात.

हेच तुकडे आपल्या जिल्ह्यात दोनदा घडले आहेत. २०२१ मध्ये शिबला-पारडी भागात बेसाल्टचे बहुकोनी खांब उजेडात आले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला. पुढे त्याच जातीचा खडक झिजून काळी माती झाली, आणि तीही आकसते; फरक इतकाच की दगडातून उष्णता गेली, मातीतून पाणी जातं.

आणि इथेच माझं पोस्टरांशी भांडण आहे. यवतमाळच्या शेतकरी आत्महत्यांवर पोस्टर करायचं ठरलं की कुणीतरी नेटवरून तडकलेल्या मातीचा फोटो उचलतं. तो बहुतेक वेळा आटलेल्या तळ्याचा असतो: गुळगुळीत गाळ, पातळ पापुद्रे, कडा वर वळलेल्या. आपल्या वावरातली भेग तशी नसते. ती खोल असते, तिच्या कडा भुसभुशीत असतात, वरची ढेकळं फुटून आत पडतात, आणि मधे पऱ्हाटीची खुंटं उभी असतात. मी ती करताना आधी वर्लीच्या पद्धतीने तुकडे पाडतो, त्यांच्या कडा पर्लिन नॉइजने विस्कटतो, भेगेत काळोख भरतो आणि वर रवाळ दाणे टाकतो.

एवढी मेहनत कशाला, असं विचारतात. कारण तो फोटो खोटं कारण सांगतो. काळी माती चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही उन्हाळ्यात तडकते. तो तिचा स्वभाव आहे. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि पेरणी होते. जमीन मेलेली नसते. कापसाचा भाव आणि डोक्यावरचं कर्ज मात्र पावसाने मिटत नाही, आणि भेगांच्या फोटोत ते दिसतही नाही.