थायरॉईड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकदमच घेताय? आधी हे वाचा

गरोदरपणात लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम सरकारी दवाखान्यातून मिळतं. त्यात आधीपासून थायरॉईडची गोळी सुरू असेल, तर अनेक जणी सकाळी चहाबरोबर तिन्ही घेऊन मोकळ्या होतात. गोळ्या बरोबर आहेत, चुकते ती वेळ.

नेमकं काय होतं?
लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या औषधाला चिकटतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसं उतरत नाही. गोळी रोज घेऊनही टीएसएच वाढलेलाच दिसतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी आईचं थायरॉईड नीट असणं गरजेचं असतं, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. कॅल्शियम लोहालाही अडवतं आणि चहासुद्धा.

मग कधी घ्यायच्या?
• थायरॉईड : सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. पुढे अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. लोह-कॅल्शियम किमान 4 तासांनंतरच.
• कॅल्शियम : जेवणासोबत. दोन गोळ्या असतील तर एक दुपारी, एक रात्री.
• लोह : दोन्ही जेवणांच्या मधे, संध्याकाळी पाचच्या सुमारास. कॅल्शियमपासून 2 तास लांब, चहाच्या आधी-नंतर तासभर सोडून. लिंबूपाण्यासोबत घेतलं तर चांगलं लागू पडतं. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका.

इतर औषधं सुरू असतील तर?
सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी लोह-कॅल्शियमच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यावी. डॉक्सीसायक्लिनलाही लोह अडवतं. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधात बहुधा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, तेही या गोळ्यांबरोबर नको.

बीपीच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांनी अंगात पोटॅशियम साठू शकतं. अशा वेळी पोटॅशियमचं औषध किंवा ‘लो सोडियम’ मीठ मनाने सुरू करू नका. त्या मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका जास्त.

लक्षात ठेवा
कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त अंतर ठेवा. पुढच्या तपासणीला जाताना घरातली सगळी पाकिटं, मेडिकलमधून आणलेली टॉनिकं आणि आयुर्वेदिक औषधंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांकडून प्रत्येकाची वेळ लिहून घ्या.