माधवराव शिंदे : मोटार, खेचरे आणि जहाज

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे (१८७६–१९२५) लोकांच्या आठवणीत राहिले ते जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर धावणाऱ्या चांदीच्या आगगाडीमुळे. आख्यायिका बाजूला ठेवून कागद पाहिले, तर या षौकीन महाराजाची निराळी बाजू दिसते.

पहिला साक्षीदार १९११ ची ब्रिटानिका. महाराज चीनवरच्या ब्रिटिश मोहिमेचे सेनापती जनरल गॅसेली यांचे ऑर्डर्ली ऑफिसर म्हणून तिकडे गेले आणि मोहिमेला त्यांनी स्वखर्चाने इस्पितळजहाज दिले, असे ती सांगते. साल देते १९०१. आता बॉक्सर बंडात पेकिंगमधल्या परकीय वकिलातींना पडलेला वेढा उठला १४ ऑगस्ट १९०० रोजी; मोहीम निघाली होती ती तोच उठवायला. म्हणजे ब्रिटानिकाचे साल बरोबर असेल, तर महाराज पोहोचले तेव्हा मुख्य लढाई संपली होती. चीन मोहिमेचे पदक त्यांना मिळाले, हे खरे. पण पदक मोहिमेतल्या सहभागाचे असते, तलवार चालवल्याचे नव्हे. त्याच मजकुरात ग्वाल्हेरचे वाहतूक पथक वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळ आणि तिराहच्या मोहिमांत उपयोगी पडल्याचीही नोंद आहे. शिंद्यांच्या फौजेचे कौतुक झाले ते रसद आणि ओझी वाहण्याबद्दल! दर्पोक्तीला इथे जागा नाही. म्हणूनच मला ही नोंद विश्वसनीय वाटते.

दुसरा पुरावा मोटारीचा. १९०८ च्या मुंबई–कोल्हापूर चाचणीत रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ६२० मैल आणि सहा घाट न अडखळता पार करून गेली आणि पुढे माधवरावांनी ती विकत घेतली, असे या गाड्यांचे इतिहास सांगतात. ही हकिकत मुळात विकणाऱ्याच्या गोटातली; तपासून घेतलेली बरी. मुंबई–कोल्हापूर अंतर सुमारे ३८० किलोमीटर आणि ६२० मैल म्हणजे जवळजवळ १,०००. तेव्हा आकडा एकेरी प्रवासाचा असूच शकत नाही. जाऊन-येऊन ७६० धरले, तरी उरलेले अंतर आडवाटांचे असणार. सहा घाटांचे काय? बोरघाट, कात्रज, खंबाटकी हे सरळ रस्त्यावरचे तीन. येता-जाता मोजले तर सहा भरतात. अर्थात हा माझा तर्क. आडवाटेवरचे वेगळे घाटही त्यांत असू शकतील. चढ-उतारावर न थांबणारी गाडी वाहतुकीसाठी खेचरांची पथके पोसणाऱ्या राजाने का निवडली असावी, याचाही अंदाजच करायचा. पण तो फार कठीण नाही.

तिसऱ्या पुराव्याला अंदाज लागत नाही. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१ ची कॅनेडियन पॅसिफिकची आगबोट महायुद्ध सुरू झाल्यावर माधवरावांनी घेतली. १९१५ च्या जानेवारीत तिचे नाव ‘लॉयल्टी’ झाले आणि ती इस्पितळजहाज बनली. युद्ध संपल्यावर सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार यांनी ती शिंद्यांकडून विकत घेतली. त्यांच्या नव्या कंपनीचे नावच सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन!

या तिन्ही पुराव्यांत माधवराव रणवीर म्हणून कुठे सिद्ध होत नाहीत. सिद्ध होतो तो वाहनांचा जाणकार आणि सैन्याची वाहतूक सांभाळणारा माणूस. त्यांच्याकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. त्या तारखेला १९६४ पासून देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात.