चटणी नावाचा मसाला : कृष्णाकाठच्या कांदा-लसूण मसाल्याची कुळकथा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खेड्यांत 'चटणी' हा शब्द उच्चारला की ताटाच्या डाव्या बाजूचे तोंडीलावणे नंतर आठवते. आधी डोळ्यांसमोर येतो तो उन्हाळ्यात कुटून बरणीत दडपून ठेवलेला, लालसर तपकिरी, बोटाला किंचित तेलकट लागणारा आणि वर्षभर पुरवायचा मसाला. याच पदार्थाला बाजारात 'कांदा-लसूण मसाला' म्हणतात आणि मुंबईत 'घाटी मसाला' म्हणतात, म्हणजे पहिले नाव घटकांवरून आणि दुसरे तो मसाला बरोबर घेऊन आलेल्या माणसांवरून पडलेले आहे. घरातले 'चटणी' हे नाव मात्र या दोहोंहून जुन्या वळणाचे असून, मसाल्याच्या उगमाविषयी जी थोडीबहुत साक्ष उपलब्ध आहे त्यातील बरीचशी या एका नावात आणि मसाल्यात पडणाऱ्या मिठात साठवलेली आहे.

'मसाला' आणि 'चटणी' हे दोन शब्द दोन निराळ्या घराण्यांतले आहेत. 'मसाला' मूळचा अरबी असून हित किंवा भल्याची गोष्ट अशा अर्थाच्या 'मस्लहत' या शब्दाचे 'मसालिह' हे अनेकवचन फारसीत साहित्य, सामग्री या अर्थाने रूढ झाले आणि तेथून ते दख्खनच्या दरबारी भाषेत उतरले. मराठीतील 'मसलत' आणि 'सल्ला' हे शब्दही त्याच धातूची लेकरे आहेत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'मसाला' याचा आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे सरकारी बोलावणे घेऊन आलेल्या जासुदाच्या खर्चापोटी बोलावलेल्या पक्षाकडून घेतलेली रक्कम. थोडक्यात, हा शब्द बाहेरून आलेला, कचेरीतून आणि बाजारातून घरात शिरलेला आहे. 'चटणी' हा त्याउलट 'चाटणे' या क्रियापदाशी जोडलेला घरगुती शब्द आहे आणि त्यात पाट्यावर वाटलेला, बोटाने चाटता येईल असा ओला पदार्थ अभिप्रेत आहे. कोरड्या, वर्षभर टिकणाऱ्या मसाल्याला ओल्या पदार्थाचे नाव का मिळाले, हा या कुळकथेतील मुख्य प्रश्न होय.

मिरची येण्यापूर्वी या प्रदेशात तिखटपणा मिरे, पिंपळी आणि सुंठ यांच्याकडून येत असे. या त्रयीला आयुर्वेदात 'त्रिकटू' अशी संज्ञा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातील 'अन्नभोग' या प्रकरणात राजाच्या भोजनाचे तपशीलवार वर्णन आहे, आणि कृष्णेचे खोरे त्या काळी चालुक्यांच्या व त्यांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या सत्तेखाली असल्यामुळे हा ग्रंथ या भागाला परका म्हणता येत नाही. त्यातील पाककृतींत मिरे, हिंग, आले, जिरे, धणे, हळद ही नावे भेटतात. मिरची कोठेही नाही, आणि असणे शक्यही नव्हते, कारण ती अमेरिका खंडाची वनस्पती आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचल्यानंतर आणि १५१० साली पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतल्यानंतर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून देशावर आली. तिचा प्रसार सर्वत्र एकाच वेगाने झाला नाही. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आइन-ए-अकबरी'तील मुदपाकखान्याच्या नोंदींतही तिखटासाठी मिरेच आहेत.

नव्या पाहुणीला नाव मिळाले ते जुन्या ओळखीवरून. संस्कृत 'मरिच' यावरून मराठीत 'मिरी' किंवा 'मिरे' झाले आणि त्याच शब्दाच्या वळणावर 'मिरची' हे नाव बेतले गेले. जत तालुक्याच्या सीमेवर मराठीच्या जोडीने बोलल्या जाणाऱ्या कन्नडमध्येही हीच रीत दिसते, कारण तेथे 'मेणसु' म्हणजे मिरे आणि 'मेणसिनकाई', म्हणजे शब्दशः मिऱ्याचे फळ, ही मिरची. नावाच्या या उसनवारीमागे अर्थकारण होते. मिऱ्याचा वेल मलबारच्या दमट हवेत, झाडाच्या आधाराने वाढतो आणि देशावरच्या कुणब्याला मिरे विकतच घ्यावे लागत, तर मिरची विहिरीच्या पाण्यावर, परसात किंवा बांधालगतच्या वाफ्यात येते, उन्हात वाळते आणि वर्षभर टिकते. जो तिखटपणा पूर्वी सराफी तराजूने तोलावा लागे तो आता सुपाने पाखडता येऊ लागला, आणि ज्या घरांना मिरे केवळ सणावारी परवडत त्या घरांच्या रोजच्या जेवणात तिखट आले.

हे रोजचे जेवण कसे होते, हे समजल्याशिवाय मसाल्याचा उगम उलगडत नाही. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे महाबळेश्वर, जावळी आणि पाटण, सह्याद्रीच्या पावसात न्हाऊन निघतो, तर पूर्वेकडील माण आणि खटाव आणि त्यांना लागून असलेले सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ व जत हे तालुके पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कोरड्या पडलेल्या पट्ट्यात येतात. तेथे ज्वारी-बाजरीची भाकरी हे मुख्य अन्न आणि तिच्याबरोबर खायच्या कालवणाला किंवा भाजीला 'कोरड्यास' म्हणण्याची रीत आहे. अवर्षणाच्या वर्षी, किंवा उन्हाळ्याच्या अखेरीस रानात हिरवे काही उरत नसे तेव्हा, कोरड्यास म्हणून पाट्यावर वाटलेली मिरची, लसूण आणि मीठ एवढेच उरे. कांदा असला तर तो बुक्कीने फोडून जोडीला घेतला जाई. मिरची-लसूण-मीठ हे त्रिकूट म्हणजेच मूळ चटणी, आणि आजच्या मसाल्याचा सांगाडाही हाच आहे.

या अनुमानाला तीन आधार आहेत. पहिला आधार नावाचा, तो वर आलाच आहे. दुसरा मिठाचा : कोकणातील मालवणी मसाला, ब्राह्मणी स्वयंपाकातील गोडा मसाला किंवा उत्तरेकडील गरम मसाला हे पदार्थ अन्नात घालण्यासाठी असतात, म्हणून त्यांत मीठ सहसा नसते, किंवा असले तरी नावापुरते असते, सातारा-सांगलीच्या चटणीत मात्र ते मापाने पडते, कारण ती नुसती खाण्याचा पदार्थ म्हणूनच घडलेली आहे. तिसरा आधार उपयोगाचा : ही चटणी आजही भाकरीवर घेऊन, तीत बोटाने खळगा करून, कच्चे शेंगतेल ओतून खाल्ली जाते, आणि अशा रीतीने गरम मसाला कोणी खात नाही. यावरून असे म्हणता येते की कांदा-लसूण मसाला हा सुगंधी चूर्णांच्या कुळात जन्मला नाही. तो टिकाऊ केलेली चटणी आहे आणि धणे, जिरे, लवंग, दालचिनी ही मंडळी त्याच्या घरात पुढे, ऐपत वाढत गेली तशी, सोयरिकीने आली.

ओल्या पदार्थाला वर्षभर टिकवण्याचे तंत्र हा या मसाल्याचा खरा शोध होय. कांद्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि लसणीतही निम्म्याहून जास्त, म्हणून ते तसेच कुटले तर मसाल्याला बुरशी येते. त्यावर उपाय असा की कांदा पातळ चिरून एक-दोन दिवस उन्हात सुकवतात आणि मग तेलात गडद तांबूस होईपर्यंत तळतात. लसूण काही घरी तळून, तर काही घरी कुटताना कच्चीच घालतात, आणि अनेक ठिकाणी आले व वाळवलेली कोथिंबीरही पडते. उरलेल्या अल्प ओलाव्याला मीठ बांधून ठेवते आणि तेल प्रत्येक कणाभोवती पातळ थर धरून हवा दूर ठेवते. तेलाचे आणखी एक काम आहे. मिरचीचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांतील प्रमुख कॅप्सॅन्थिन आणि तिचा दाह ज्यामुळे होतो ते कॅप्सेसिन ही दोन्ही द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, म्हणून रश्श्यावर लाल तवंग, म्हणजे 'कट', येतो तो तेलातच येतो. मिरचीचे तिखट बियांत असते असा समज आहे; प्रत्यक्षात ते बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत साठते.

प्रमाण घरागणिक बदलते आणि ते नेहमी मिरचीच्या हिशेबात सांगितले जाते. सर्वसाधारण रीत अशी की १ किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव ते अर्धा किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, तेवढेच धणे, १०० ग्रॅमच्या आसपास तीळ, ५० ग्रॅम जिरे, थोडी खसखस, पाव किलोच्या आगेमागे मीठ आणि मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, बदामफूल, जायपत्री, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल यांसारखा खडा मसाला १०-१० ग्रॅम घ्यावा. पूर्वी हेच गणित शेर आणि मुठीत चाले. छापील पाकशास्त्राची परंपरा मराठीत १८७५ सालच्या 'सूपशास्त्र' या पुस्तकापासून मोजली जाते आणि ती प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात वाढली. चटणीचे प्रमाण त्या परंपरेच्या बाहेर, सासूकडून सुनेकडे आणि जावेकडून जावेकडे, तोंडीच पोहोचत राहिले, आणि त्यामुळे एकाच गल्लीतील दोन घरांच्या चटणीला एक चव नसते.

घटकांची यादी म्हणजे या प्रदेशाच्या दळणवळणाचा नकाशाच आहे. रंगासाठी लागणारी सुरकुतलेली, कमी तिखट ब्याडगी मिरची कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातून येते, झणझणीतपणासाठी बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरची संकेश्वरी किंवा बारीक लवंगी घेतात, आणि या दोहोंचे मिश्रण जमणे हीच करणारीची परीक्षा मानली जाते. नारळ देशावर फारसा होत नाही. खोबरे कोकणातून घाटवाटांनी चढे, आणि चिपळूणला कराडशी जोडणारा कुंभार्ली घाट हा त्या वाटांपैकी प्रमुख होता. कांद्यासाठी लोणंदची पेठ प्रसिद्ध आहे, आले सातारा जिल्ह्यातच उदंड पिकते. हळकुंडासाठी दूर जावे लागत नाही, कारण सांगली ही हळदीची देशातील मोठी बाजारपेठ असून कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद जमिनीखालील पेवांत, म्हणजे अरुंद तोंडाच्या खोल खड्ड्यांत, वर्षानुवर्षे साठवली जात असे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दगडफूल हे नावाप्रमाणे फूल नसून सह्याद्रीतील खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारे, बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेले पापुद्र्यासारखे लायकेन आहे. ज्या तेलात कांदा तळायचा ते पूर्वी करडईचे असे आणि पुढे भुईमुगाचे झाले. भुईमूगही मिरचीप्रमाणेच अमेरिकेहून आलेला, म्हणजे आज जो मसाला अस्सल गावठी म्हणून ओळखला जातो त्याचे दोन मुख्य आधार समुद्रापलीकडचे आहेत.

आज हा मसाला दोन जिल्ह्यांचा म्हटला जातो, परंतु तो घडला तेव्हा ही सीमा नव्हती. १८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड प्रसिद्ध झाला त्या वेळी वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली ते आणि सांगली-मिरजेसारखी विलीन झालेली संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. म्हणून आज साताऱ्यात असलेल्या कराडची चटणी आणि सांगलीत गेलेल्या वाळवा तालुक्यातील इस्लामपूरची चटणी यांत सीमेमुळे पडलेला फरक शोधणे व्यर्थ आहे.

करण्याचा काळ ठरलेला असतो. होळीनंतर नवी मिरची बाजारात येते आणि मृग नक्षत्राच्या, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या, आत चटणी बरणीत गेली पाहिजे, कारण पावसाळी हवेत मिरची सादळते. देठ खुडणे, ऊन देणे, निवडणे, एकेक जिन्नस वेगळा भाजणे आणि शेवटी सगळे एकत्र कुटणे या कामांसाठी शेजारणी एकमेकींच्या घरी सावडीने, म्हणजे श्रमाची परतफेड श्रमाने करण्याच्या बोलीवर, जात असत. कुटण्याचे साधन उखळ आणि मुसळ होते. तिखटाच्या धुरळ्यात पदर नाकावर बांधून दोघींनी आळीपाळीने मुसळ घालणे हे त्यातले सर्वांत कष्टाचे काम. गावोगाव वीज पोहोचल्यावर या कामाला 'डंक' आला. हे कांडप यंत्र म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या दांड्याने लोखंडी मुसळे आळीपाळीने उचलून खाली सोडणारी रचना असून, उखळाचीच हालचाल त्यात यंत्राने होते. पिठाच्या गिरणीत दगडांच्या घर्षणाने मसाला तापतो आणि त्यातील उडून जाणारी सुगंधी तेले कमी होतात, तर डंकात तो ठेचला जातो. म्हणूनच गिरणी दाराशी असूनही चटणीसाठी डंकावर रांग लागते.

गावाबाहेर हा मसाला गेला तो पोटासाठी गेलेल्या माणसांबरोबर. मुंबईच्या कापड गिरण्यांना कामगार पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीच्या जोडीने सातारा अग्रभागी होता, आणि गिरणगावातील खोल्यांत व खाणावळींत राहणाऱ्या पुरुषांसाठी गावाकडून येणाऱ्या गाठोड्यात चटणीचा डबा हमखास असे. घाटावरून आलेल्यांना मुंबई 'घाटी' म्हणे, बऱ्याचदा हिणवून, आणि त्यांच्या मसाल्याला 'घाटी मसाला' हे नाव त्याच ओघात मिळाले. हिणवण्याचा सूर पुढे विरला आणि नाव पाकिटावर मिरवू लागले. हा मसाला तयार पाकिटात आणणाऱ्या उद्योगांत हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ साली पुण्यात सुरू केलेल्या प्रवीण मसालेवाले या उद्योगाचे नाव आघाडीवर आहे, आणि त्यानंतर घरगुती बचतगटांपासून मोठ्या कारखान्यांपर्यंत अनेकांनी तो विकायला घेतला. विक्रीसाठी 'चटणी' हे नाव गैरसोयीचे होते, कारण शहरात त्याचा अर्थ ओली चटणी असा होई. म्हणून 'कांदा-लसूण मसाला' हे वर्णनात्मक नाव सर्वत्र स्थिरावले.

अशा रीतीने कचेरीच्या भाषेतून आलेल्या शब्दाने बाजारात पाट्यावरच्या शब्दाची जागा घेतली, परंतु घरात ती घेतलेली नाही. डंकावरून आणलेली चटणी बरणीत भरण्यापूर्वी अनेक घरांत तिची पहिली चव कोणत्याही भाजीत न पाहता भाकरीच्या तुकड्यावर, तेलाच्या धारेबरोबर पाहिली जाते, आणि मीठ कमी वाटले तर तेथल्या तेथे वाढवून मगच बरणीचे तोंड फडक्याने बांधले जाते.