काचेवरील इतिहास आणि हाफ प्लेटची चौकट

मराठवाड्याच्या इतिहासाची साधने मोजावयास बसले म्हणजे शिलालेख, ताम्रपट, मूर्तींच्या पादपीठावरील लेख, निजामी राजवटीतील सनदा आणि घरोघरच्या चोपड्या यांची नावे सहज पुढे येतात. छायाचित्राचे नाव क्वचित येते, आणि छायाचित्राची मूळ निगेटिव्ह तर कोणाच्या गणतीतही नसते. वास्तविक कागदावरील छबी ही केवळ प्रत होय. मूळ दस्तऐवज म्हणजे निगेटिव्ह. प्रत पिवळी पडते, तिला वाळवी लागते, भिंतीच्या ओलीने ती डागाळते. काचेवरील निगेटिव्ह मात्र नीट राहिली तर शंभर वर्षांनंतरही पागोट्याचा पेच, लुगड्याचा काठ आणि पाठीमागच्या पाटीवरील अक्षरे तिच्यातून वाचता येतात.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातील छायाचित्रणाचा इतिहास ज्या नावाभोवती फिरतो ते नाव एका जैन गृहस्थाचे आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे जैन कुटुंबात झाला. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा’ हा किताब दिला. निजामाच्या मुलखातील दृश्यांची जी चित्रमालिका त्यांनी सिद्ध केली तीत वेरूळच्या लेण्यांचाही समावेश आहे. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळविल्या आणि जतन केल्या.

राजाच्या छायाचित्रकाराच्या काचांना असा आश्रय मिळाला. तालुक्याच्या गावांतील साध्या स्टुडिओंच्या काचांचे नशीब निराळे ठरले. स्टुडिओ बंद पडला की निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर जात. पुढे जागा रिकामी करताना अनेक ठिकाणी गरम पाण्याने काचेवरील थर खरवडून काढला गेला, आणि तीच काच तसबिरीला किंवा खिडकीला लागली. आज एखाद्या घरात देवाच्या तसबिरीवर असलेली काच हीच पूर्वी एखाद्या लग्नाची किंवा चातुर्मासाच्या मेळाव्याची निगेटिव्ह असू शकेल! अशा रीतीने वाचलेल्या काचा थोड्याच. त्या थोड्यांची नोंद संगणकावर घ्यावी म्हटले, तर पहिली अडचण उभी राहते ती मापाची.

आपल्याकडील छायाचित्रकार इंग्रजी मापांवर वाढले. क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंच आणि फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच. केरळातील आलप्पुळा येथे १९४० च्या दशकापासून तयार होणारे सागवानी ‘वागीश्वरी’ कॅमेरेही हीच प्लेटची परंपरा चालवीत होते. हाफ प्लेट ही नावाप्रमाणे फुल प्लेटचा अर्धा भाग नाही, हे सूक्ष्म नजरेच्या वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. वारावर माप घेणाऱ्यांना असा ‘अर्धा’ खपला नसता. उलट स्कॅनर बनविणाऱ्या कंपन्यांनी सोबत दिलेले फिल्म धरण्याचे होल्डर चार बाय पाच इंचाच्या, म्हणजे अमेरिकेत रूढ असलेल्या मापाचे. त्यांत हाफ प्लेट बसत नाही, आणि क्वार्टर प्लेट आरपार घसरते. तेव्हा होल्डर घरीच करावा लागतो.

होल्डर नसला तर काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. फ्लॅटबेड स्कॅनर म्हणजे वर काच असलेली सपाट पेटी. कागदाचे स्कॅनिंग करताना दिवा खालून प्रकाश टाकतो. निगेटिव्हसाठी मात्र प्रकाश वरून, झाकणातील दिव्याने, आरपार यावा लागतो. निगेटिव्ह सरळ काचेवर ठेवली तर दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये हवेचा अतिसूक्ष्म थर अडकतो व चित्रावर इंद्रधनुषी वलये उमटतात. न्यूटनने १७०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात त्यांचा अभ्यास मांडला, म्हणून त्यांना न्यूटनची वलये म्हणतात. शिवाय २००६ सालच्या एप्सन पर्फेक्शन व्ही ७०० सारख्या यंत्रात दोन भिंगे आहेत. त्यांपैकी अधिक बारकावा टिपणारे भिंग काचेच्या पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या वर सुमारे ३ मिलिमीटरवर रोखलेले असते. तेवढी उंची निगेटिव्हला देणे हे होल्डरचे खरे काम.

चौकट करावयाची रीत अवघड नाही, पण धीराची आहे. तसबिरी मढविणाऱ्यांकडे मिळणारा जाड काळा माउंट बोर्ड घ्यावा; चकाकणारा पुठ्ठा घेऊ नये, कारण त्यावरून परतणारा प्रकाश चित्राच्या कडा धुरकट करतो. एका थरात निगेटिव्हच्या मापाचा चौकोन कापावा. त्याखालच्या थरात त्याहून किंचित लहान खिडकी ठेवावी, म्हणजे निगेटिव्ह कडेवर टेकून बसते. माप काचेवरच घ्यावे, पुस्तकातील आकड्यावर विसंबू नये. जुन्या काचा हाताने कापलेल्या असल्या तर चारही बाजू काटकोनात असतीलच असे नाही. यंत्राच्या मूळ होल्डरला एका टोकाशी एक मोकळा पट्टा असतो. तेथून यंत्र आपला दिवा आधी पारखून घेते. नव्या चौकटीत तो पट्टा झाकला गेला तर संपूर्ण चित्रावर उभ्या रेघा येतात, किंवा यंत्र कामच नाकारते. होल्डर करणाऱ्याने मूळ होल्डर समोर ठेवून हा पट्टा प्रथम आखावा.

मग उंची. चौकटीच्या चार कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे लावून २, २.५, ३ आणि ३.५ मिलिमीटरवर एकच निगेटिव्ह स्कॅन करावी आणि एखादे बारीक अक्षर किंवा डोळ्याची पापणी मोठी करून पाहावी. सर्वांत ठसठशीत जेथे दिसेल ती त्या यंत्राची उंची. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन यंत्रांतही ती थोडी वेगळी निघते. निगेटिव्हची मंद, खरबरीत बाजू खाली ठेवावी आणि चित्र संगणकावर उलटून घ्यावे. फिल्म वाकलेली असेल तर तिच्या वर, चकाकीच्या बाजूस, न्यूटनची वलये टाळणारी किंचित खरबरीत काच ठेवतात. काचेची निगेटिव्ह वाकत नाही, पण जड असते आणि तडकलेली असेल तर दोन कडांवर तोलून धरणे धोक्याचे. तिला संपूर्ण आधार देणारी स्वच्छ काच खाली घालावी आणि चौकटीची उंची त्या मानाने कमी करावी. दहा बाय बारा इंची काच मात्र या यंत्रात मावत नाही. तिला ए-३ आकाराचे यंत्र लागते.

यंत्राच्या खोक्यावर छापलेले इंचाला ६,४०० ठिपके हे गाठीवरच्या चिठ्ठीसारखे समजावे. माल उघडून पाहावा हे बरे. प्रत्यक्षात हाती लागणारा बारकावा त्याहून बराच कमी असतो. २,४०० ठिपक्यांनी घेतलेली एक हाफ प्लेटसुद्धा सुमारे १७ कोटी ७८ लाख ठिपक्यांची होते, आणि घरगुती कामास ते विपुल आहे. १९५० पूर्वीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असू शकतात. त्या अत्यंत ज्वालाग्राही असल्याने शंका येताच बाजूला ठेवून जाणकारांकडे सोपवाव्यात, दिव्याखाली नेऊ नयेत.

आपल्या शास्त्रभांडारांत ताडपत्राच्या पोथीला तिच्याच मापाच्या दोन लाकडी पाट्या असतात आणि वर वेष्टन. प्रत्येक पोथीची पाटी वेगळी, कारण प्रत्येक पोथीचे पान वेगळे. हाफ प्लेटची चौकट त्याच जातीची वस्तू आहे. मात्र पाटी पान झाकते, चौकटीने काहीही झाकू नये. अनेक छायाचित्रकार निगेटिव्हच्या कडेवर टोचणीने क्रमांक कोरीत, आणि तोच क्रमांक त्यांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे असे. खिडकी चारही बाजूंनी घट्ट कापली तर नेमका हा क्रमांक बोर्डाखाली जातो. म्हणून खिडकी काचेहून किंचित मोठी कापून फक्त चार कोपऱ्यांवर छोटे त्रिकोण ठेवतात. काच त्यांवर टेकते, आणि कडा पूर्ण उघड्या राहतात.